तुलना कुणाची कुणाशी? ठाण्यातल्या एका संपादकांना खुलं पत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपला अंक ठाण्यात आणि नवी मुंबईत सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग दारात पडतो आणि आपलं पोर्टल दिवसभर मोबाइलवर टुणटुणत राहतं, एवढ्यावरून आपण स्वतःला ओळखालच. शेजारच्या दैनिकाने वाचून खूश होऊ नये, त्यांच्याकडेही हेच चालतं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पगारपत्रकं बनवते. यंदा १९ वर्षं झाली. महिना संपला की हजेरीची फाइल माझ्याकडे येते आणि सात तारखेच्या आत सगळ्यांच्या खात्यात पैसे पडलेले असावे लागतात. मधल्या दिवसांत दोनशेवर माणसांचा अख्खा महिना माझ्या स्क्रीनवरून सरकतो. कोणाचे खाडे किती, कोणाचा ओव्हरटाइम किती, कोणाचा ॲडव्हान्स कापायचा, कोणाच्या पीएफमध्ये नावाचं स्पेलिंग चुकलंय. कोणाला किती मिळतात हे बाहेर बोलायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. घरी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. इथेही रकमा सांगणार नाही. पण रकाने सांगितले तर कोणाचं गुपित फुटत नाही, म्हणून रकान्यांबद्दल बोलेन.

निमित्त आपल्या ८ मार्चच्या पुरवणीचं. गुलाबी पान, वर लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या मुलीचा चार कॉलमी फोटो आणि मथळा: ‘पगारातली दरी मिटली!’ खाली ‘प्रतिनिधी’. एका सर्वेक्षणानुसार बहुतेक कंपन्यांमध्ये आता स्त्री-पुरुषांना समान पगार मिळतो, असं बातमीत म्हटलं होतं. शेजारी पैठणीवर सवलतीची जाहिरात. मी वाचलं आणि पान उलटलं. वर्षातून एकदा येणाऱ्या पुरवणीवर कोण रागावत बसणार?

रागवायची वेळ आली ती मार्चअखेर. आमच्याकडे पगारवाढ एप्रिलपासून लागते, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकेकाला आत बोलावतात. नेमकं त्याच आठवड्यात आपलं ते कात्रण पंचिंग मशीनच्या वरच्या नोटीस बोर्डावर लागलं, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. अंगठा लावायच्या रांगेत उभ्या असलेल्या पॅकिंगच्या बायका ते रोज दोनदा वाचत होत्या, येताना आणि जाताना. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या एक ताई डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. १४ वर्षांची नोकरी, लेबल जरा तिरकं लागलं तर पाच फुटांवरून ओळखतात. म्हणाल्या, “मॅडम, दरी मिटली म्हणजे आपल्याकडची पण मिटली का?”

उत्तर मला पैशांपर्यंत पाठ होतं. देता येत नव्हतं. मी त्यांना लोणचं वाढलं आणि विषय बदलला. त्या लोणच्याची मला अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात आमच्या अकाउंट्समधल्या एका मुलीने आपल्याच पदावरच्या मुलाइतका पगार मागितला. तिला आत उत्तर मिळालं, “पेपर वाचतेस ना? हा प्रश्न आता संपलाय.” संपादक महोदय, आपण छापलेलं वाक्य पगारवाढीच्या टेबलावर असं वापरलं जातं. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघड.

त्या रात्री मी बातमीचा माग काढत बसले. आकडे जुळवणं हेच माझं काम, एखादा आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. हीच बातमी आणखी तीन पोर्टलवर सापडली. शब्द तेच, स्वल्पविराम त्याच जागी, आणि ‘कर्मचाऱ्यांनी’च्या जागी ‘कर्मचार्यांनी’ ही चूकही तीच. म्हणजे बातमी कोणीच लिहिली नव्हती. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका ॲपवाल्या कंपनीने पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक सगळ्यांनी जसंच्या तसं चिकटवलं होतं. मग मूळ इंग्रजी पत्रक मिळालं. त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, लोकांना विचारलेला प्रश्न दिला होता: तुमच्या कंपनीत स्त्रियांना आणि पुरुषांना समान पगार मिळतो असं तुम्हाला वाटतं का?

वाटतं का! आणि बहुतेकांना वाटत होतं. कोणाचीही सॅलरी स्लिप कोणी पाहिली नव्हती. मूळच्या ‘वाटतं’चं आपल्याकडे येईतो ‘मिळतो’ झालं आणि मथळ्यात ‘मिटली’. शिवाय उद्गारचिन्ह.

आमच्या कारखान्यात हाच प्रश्न विचारून बघा. दोनशेवर माणसं आहेत, त्यांतल्या तिघांनाच सगळ्यांचे पगार माहीत आहेत: मालक, एचआरचे साहेब आणि मी. बाकीचे जे उत्तर देतील ते त्यांच्या स्वभावाचं असेल, पगाराचं नसेल. तर माझी पहिली तक्रार ही, की आपण मत आणि माप यांत फरक करत नाही. मत विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या स्त्री-पुरुष तफावतीवरच्या जागतिक अहवालातही ‘समान कामाला समान वेतन’ हा आकडा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना मत विचारूनच काढतात. पण तसं ते लिहितात. आपण ते वाक्य गाळता.

दुसरी तक्रार उलट बाजूची आहे आणि ती मला जास्त बोचते, कारण ती आमच्या बाजूने लिहिलेली बातमी होती. जून २०२४ मध्ये या फोरमचा अहवाल आला तेव्हा भारत १४६ देशांत १२९ वा होता. तेव्हापासून एक वाक्य फिरतंय, भारतात पुरुष १०० रुपये कमावतो तेव्हा बाई ३९ रुपये ८० पैसे. गुलाबी पुरवणीनंतर महिनाभरात आपणही ते वापरलंत, ‘समान कामाला निम्माही पगार नाही’ या मथळ्याखाली. एकाच दैनिकात महिन्याच्या आत दरी मिटली आणि पुन्हा निम्म्याच्या खाली गेली. माझ्या मुलीने दोन्ही कात्रणं समोर ठेवून विचारलं, “आई, नक्की काय?”

नक्की हे, की ३९.८ हा पगाराचा आकडाच नाही. त्या अहवालातल्या ‘आर्थिक सहभाग’ या विभागाचे ते एकूण गुण आहेत, आणि त्यात पाच गोष्टी येतात. किती बायका कामाच्या बाजारात आहेत, समान वेतनाबद्दल अधिकाऱ्यांचं मत काय, अंदाजे कमाई किती, वरच्या पदांवर बायका किती, आणि व्यावसायिक व तांत्रिक कामांत किती. पाच विषयांचे मिळून पडलेले टक्के एकट्या गणिताचे म्हणून सांगावेत, तसं झालं हे. अंदाजे कमाईचा आकडा त्यात वेगळा दिलेला असतो. २०२५ च्या अहवालात तो २८.६ वरून २९.९ टक्क्यांवर गेला. म्हणजे आपण सांगितलेल्यापेक्षाही कमी! पण तोही ‘समान कामाचा’ पगार नव्हे. त्यात पगार शून्य असलेल्या, घरी बसलेल्या सगळ्या बायका धरलेल्या आहेत.

घरी बसलेल्या म्हणायची आपली एक पद्धत. सरकारच्याच २०२४ च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं निघालं. पुरुषांची ८८, आणि तीही जे करतात त्यांची. हे घरकाम माझ्या स्क्रीनवर असतं तर पुरुषांचा हा फरक मी खाडे म्हणून कापला असता. असो.

या चुकीचं काय झालं ते सांगते. अकाउंट्सच्या त्या मुलीने धीर करून ते दुसरं कात्रण एचआरच्या साहेबांना दाखवलं. ते मनापासून हसले. “निम्मा पगार? आपल्याकडे निम्म्या पगाराची एक बाई दाखव, मी राजीनामा देतो.” दाखवता येणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे फरक निम्म्याचा नाही. जो आहे तो पेपरच्या आकड्यापुढे किरकोळ दिसायला लागला आणि बोलणं तिथेच संपलं. फुगवलेल्या बातमीने तिचं जेवढं नुकसान केलं तेवढं पहिल्या बातमीनेही केलं नव्हतं.

खरा फरक कुठे राहतो ते आता सांगते. इथे जरा वेळ घेणार आहे, कारण आपल्या कुठल्याच बातमीत हे मी वाचलेलं नाही.

१९७६ च्या समान वेतन कायद्याखाली ‘फॉर्म डी’ नावाची नोंदवही ठेवावी लागायची. मी नोकरीला लागले तेव्हा ती हाताने भरायचे. रकाने असे: कामगारांचा प्रवर्ग, कामाचं थोडक्यात वर्णन, पुरुष किती, बायका किती, वेतनाचा दर, मग बेसिक, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, इतर भत्ते. कागदावर फार सुरेख. आमच्या वहीत एका ओळीत ‘ऑपरेटर’, पुरुष अमुक, बायका शून्य. खालच्या ओळीत ‘हेल्पर पॅकिंग’, पुरुष शून्य, बायका तमुक. दोन ओळींत दोन दर. पण एका ओळीत दोन दर नाहीत, म्हणजे भेदभाव नाही! इन्स्पेक्टर यायचे, वही उघडायचे, सही करून जायचे. मशीनवर प्रत्यक्ष कोण उभं आहे ते बघायला वहीतून मान वर करावी लागते. ऑपरेटर सुट्टीवर असला की मशीन त्या लेबलवाल्या ताईच चालवतात. त्या दिवशीही त्या हेल्परच.

ही युक्ती आमच्या मालकांनी शोधलेली नाही. मॅकिनन मॅकेन्झी या शिपिंग कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरना जास्त आणि ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ना कमी पगार होता. त्यांच्यातल्याच ऑड्री डिकॉस्टा लढल्या. २६ मार्च १९८७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की पदाला नाव काय दिलंय किंवा युनियनशी करार काय झालाय यावरून काम वेगळं ठरत नाही. प्रत्यक्ष काम सारख्या प्रकारचं आहे का ते बघा, बारीकसारीक फरकांवर अडून बसू नका. कंपनीला परवडत नाही ही सबबही कोर्टाने मानली नाही. १९७६ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ‘समान किंवा समान स्वरूपाचं काम’ हे तत्त्व त्यातही आहे. मग दरवर्षी ८ मार्चला आपल्या पुरवणीत हसरी मुलगी येते, ऑड्री डिकॉस्टा का येत नाहीत? निकाल मुंबईतल्या बाईचा आहे, लांबचा नाही.

पदाचं नाव एकच असलं तरी गोष्ट संपत नाही. अकाउंट्समधली ती मुलगी आणि तो मुलगा, दोघांना विचारून हे लिहितेय. पद एक, बेसिक एक, घरभाडे भत्ता एक. फरक आहे तो ‘स्पेशल अलाउन्स’च्या रकान्यात. तिथे तो कसा आला? रुजू होताना दोघांकडून आधीच्या कंपनीची स्लिप मागितली आणि त्यावर सारखेच टक्के वाढवून दिले. टक्के सारखे, हे आमचे साहेब अभिमानाने सांगतात. तिला आधीच्या कंपनीत कमी होता, तो कमीपणा डब्याच्या पिशवीसारखा तिच्याबरोबर आमच्याकडे आला. उद्या ती ऐरोलीला एखाद्या आयटी पार्कात गेली तर तिथेही जाईल.

मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांचा पगार मिळाला, मीच काढला, एक रुपया कापला नाही. पण त्या वर्षाची वाढ ‘प्रो-राटा’ लागली, म्हणजे जितके महिने हजर तितक्याच महिन्यांची. पुढची प्रत्येक वाढ त्या कमी झालेल्या रकमेवर बसत गेली. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा आपण त्यांचा फोटो छापलात. त्यांनी दाखवून दिलं होतं ते हेच, की श्रीमंत देशांत आता पगारातला बराचसा फरक एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि तो पहिल्या मुलाच्या जन्मापासून वाढतो. आपल्या फोटोखाली ‘अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्या महिला’ एवढंच होतं. त्या काय म्हणाल्या ते राहूनच गेलं.

ओव्हरटाइमचंही सांगायला हवं, मालकांच्या बाजूने. तो दुप्पट दराने मिळतो आणि आमच्याकडे मागेल त्याला मिळतो. साडेसहाला बायका निघतात, कारण घरी कुकर लावायचा असतो. पुरुष थांबतात. महिन्याच्या पगाराची तुलना केली तर फरक मोठा दिसेल, तासाच्या दराची केली तर लहान. दोन्ही आकडे खरे. म्हणून तर बातमीत लिहायला हवं, तुलना महिन्याची आहे की तासाची. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना हा फरक दरवर्षी जाहीर करावा लागतो, तोही तासाच्या दरावर, आणि सरासरी व मध्यक दोन्ही.

मध्यक हा शब्द आपण कधी छापलेला मला आठवत नाही. माझी मुलगी दहावीत आहे. मध्य, मध्यक, बहुलक असं त्यांना बीजगणितात असतं. तिला मी आमचंच ऑफिस समजावून सांगितलं. ऑफिसात ११ माणसं आहेत, त्यांत मालकांचा मेहुणा. मेहुण्याला धरून सरासरी काढली तर ऑफिसातले पुरुष एकदम श्रीमंत दिसतात. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं आणि मधल्या माणसाला पगार विचारला की खरं चित्र कळतं. तिला दोन मिनिटांत समजलं. आपल्या संपादकीय खात्यालाही समजेल.

क्रिकेटचं लिहायला नको म्हणत होते, पण आपल्याकडचीच गोष्ट आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यानंतर ‘क्रिकेटमध्ये आधीच समान वेतन’ हे वाक्य मी आपल्या पोर्टलवर तीनदा वाचलं. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये समान केली ती मॅच फी: कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. वार्षिक कराराची रक्कम समान केली नव्हती. तेव्हा पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची होती आणि बायकांची ५० लाखांची. माझ्या भाषेत सांगायचं तर मॅच फी ही हजेरी आणि करार म्हणजे बेसिक. हजेरीचा दर सारखा केला ही चांगलीच गोष्ट, पण १५ लाखांच्या कसोट्या बायकांना वर्षाला खेळायला मिळतात किती? आणि दुसरी बाजूही खरी आहे. त्या विश्वचषकात विजेत्यांना आयसीसीचं ४४.८ लाख डॉलरचं बक्षीस होतं, पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषकातल्या ४० लाख डॉलरपेक्षा जास्त. बक्षीस, मॅच फी, करार ही तीन वेगळी खाती आहेत. तिन्हींना ‘वेतन’ म्हटलं की कोणतंही विधान खरं ठरतं.

आणि एक जागा, जिथे आपल्या ॲपवाल्या सर्वेक्षणाची सावलीही पडत नाही. मी सकाळी बससाठी निघते तेव्हा वाटेत मजुरांचा नाका भरलेला असतो. गवंडी एका बाजूला, बिगारी दुसऱ्या बाजूला, बायका थोड्या मागे, पायाशी घमेलं. मुकादम टेम्पोतूनच विचारतो, “चार माणसं, दोन बाया.” माणसं आणि बाया. दरही दोन. तेच घमेलं, त्याच विटा, तोच जिना. मी एकदा त्यांतल्या एका बाईला विचारलं की मावशी, तुम्ही गवंडीकाम का नाही शिकत? त्या म्हणाल्या, “थापी कोण देईल हातात?” २० वर्षांत गवंडी झालेली बाई त्यांनी पाहिलेली नव्हती. या बायका कुठल्या ॲपवर नाव नोंदवणार आणि त्यांना ‘वाटतं का’ म्हणून कोण विचारणार?

विचारतं ते सरकार. २०१७ पासून चालू असलेल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात घरोघरी जाऊन पगारदारांना महिन्याची आणि रोजंदारीवाल्यांना आठवड्याची कमाई विचारतात. फुकट उपलब्ध आहे. त्यातही खाचाखोचा आहेत. कामाच्या बाजारातल्या १५ वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेलं असं त्यात दिसतं, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकाही त्या मोजणीत असतात. म्हणजे काम वाढलं म्हणून पगार वाढला असं लगेच लिहू नये. पण नाक्यावरची बाई ज्यात आहे असा आकडा सोडून, ज्यात ती नाही असा आकडा आपण पहिल्या पानावर घेता, हे कसं?

आता मागण्या.

पगारातल्या फरकाची कोणतीही बातमी छापाल तेव्हा कोणाला विचारलं, किती जणांना, नेमकं काय विचारलं आणि सर्वेक्षणाचे पैसे कोणी दिले, हे बातमीतच द्या. आणि तुलना कुणाची कुणाशी आहे तेही. जागा नाही म्हणू नका, त्या हसऱ्या मुलीला चार कॉलम मिळाले होते. पैसे देणारा पगाराच्याच धंद्यातला असेल तर ते वरच्या दोन ओळींत यावं.

प्रसिद्धिपत्रक छापायचं तर खुशाल छापा. पण खाली ‘प्रतिनिधी’ लिहू नका. प्रतिनिधी कुठेही गेलेला नसतो.

चुकीची दुरुस्ती करा, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत. पोर्टलच्या तळाशी दिलेल्या तक्रार निवारणाच्या पत्त्यावर मी दोन ईमेल पाठवले. उत्तर आलं नाही. मात्र काही दिवसांनी पोर्टलवरचा मथळा गुपचूप ‘पगारातली दरी मिटतेय?’ असा झाला. बदलल्याची नोंद नाही, आतला मजकूर तसाच. प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत पहिलाच नियम अचूकतेचा आहे आणि चूक कळताच दुरुस्ती छापावी असंही त्यांत म्हटलंय. प्रश्नचिन्ह लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि आमच्या नोटीस बोर्डावर तर अजून उद्गारचिन्हच आहे.

हसऱ्या मुलीच्या जागी कधीतरी खरे आकडे छापा. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पुरुषांचा आणि बायकांचा मध्यक पगार वेगवेगळा दिलेला असतो: संचालक, वरिष्ठ अधिकारी, कर्मचारी, कामगार. वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये शेवटाकडे सापडतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे, महापे, तुर्भे करत गेलात तरी अशा कंपन्यांच्या पाट्या दिसतील. एका बातमीदाराचं आठवड्याचं काम आहे. फक्त एक सांभाळा. त्या तक्त्यात या चार गटांच्या आत पदांप्रमाणे फोड नसते, त्यामुळे फरक दिसला म्हणून लगेच ‘भेदभाव’ असा मथळा देऊ नका. कंपनीला फोन करा, विचारा, त्यांचं उत्तरही छापा. नाही दिलं तर नाही दिलं म्हणून छापा.

आणि आपल्या स्वतःच्या कचेरीतला मध्यकही. बीबीसीने २०१७ मध्ये आपल्या जास्त पगारवाल्यांची यादी जाहीर केली, त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या चीनच्या संपादक कॅरी ग्रेसी यांनी असमान पगारावरून ते पद सोडलं. पुढे बीबीसीने माफी मागितली आणि राहिलेला पगार दिला. आपल्याकडे उपसंपादक बायका किती, वृत्तसंपादक किती, आणि पुरवणी काढणाऱ्यांना ‘पुरवणी भत्ता’ मिळतो का, हे आपल्या पगारपत्रकं बनवणाऱ्या माणसाला ठाऊक असेल. त्यालाही माझ्यासारखंच बोलायचं नसतं. आपण विचारलंत तर बोलेल.

बातमीदार पाठवणार असाल तर शनिवारी पाठवा, आमचा अर्धा दिवस असतो. रकमा सांगणार नाही. पण फॉर्म डीचा एक कोरा कागद माझ्याकडे आहे, तो समोर ठेवून कुठल्या रकान्यात काय लपतं ते दाखवेन. नंतर नाक्यावरही घेऊन जाईन, त्यासाठी मात्र सकाळी सातला यावं लागेल.

आपली,
पगारपत्रकं बनवणारी एक वाचक
वागळे इस्टेट, ठाणे

ता.क. नोटीस बोर्डावरच्या कात्रणाची एक टाचणी पडली आहे, पण कागद अजून आहे. पॅकिंगच्या ताईंना हे पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, की दुरुस्ती छापून आली तर कोणत्या पानावर येईल. टाचण्या त्यांच्याकडे आहेत.